तेरा मंजूर, बारा चालू

साखरा, ७ एप्रिल २०२५

हरीशराव,

परमेश्वरचा नमस्कार. दहाव्याला तुम्ही आला होतात, पण गर्दीत बोलणं झालं नाही. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय तुमचा फोन कंपनीचा. म्हणून कागदावर लिहितो.

अंजलीला जाऊन सत्तावीस दिवस झाले. तुमच्या मावशी अजून इथेच आहेत. पुसेगावला परत जायचं नाव काढत नाहीत. रोज सकाळी लेकीचं कामाचं टेबल पुसतात. लॅपटॉप कंपनीचा माणूस घेऊन गेला, टेबल आहे.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. एक नाव.

ट्रकवाल्याचं नाव मला माहीत आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल आहे, तो कोर्टात उभा राहील. पण अंजली त्या सकाळी हिंगोली-वाशीम रस्त्यावर का होती, हे कुठल्याच कागदावर नाही. तिची नोकरी घरून करायची होती. व्हीपीएन लावला की ग्राहकाचा कॉल तुटायचा. तो बंद केला की त्याच खोलीत, त्याच इंटरनेटवर ती आईशी तासभर व्हिडिओवर बोलायची. म्हणजे दोष आमच्या गावाचा नव्हता. तिनं जानेवारीत ऑफिसला अर्ज केला. 'स्प्लिट टनेलिंग' असा शब्द त्यात होता, तो मी तिच्या वहीत पाहिला. ऑफिसनं कळवलं, सध्या थांबा, तोवर जिथे नेटवर्क चांगलं तिथे बसा. म्हणून ती रोज स्कूटीवर कनेरगाव नाक्याला जायची आणि भावसिंगच्या ढाब्यामागच्या खोलीत बसायची.

मी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे. आमच्याकडे फीडर बंद करायचा असो की चालू, रजिस्टरला वेळ आणि नाव लिहावं लागतं. नाव नसलेला स्विच आमच्याकडे नसतो. तिचा अर्ज कुणीतरी अडवून ठेवला. त्या माणसाची खुर्ची गेल्याशिवाय मी थांबणार नाही.

तुम्ही तिथेच नेटवर्कच्या कामात आहात आणि तिचे भाऊ आहात. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

परमेश्वर


पुणे, १५ एप्रिल २०२५

दाजी,

नमस्कार. तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. मावशी तुमच्याकडे आहे हे वाचून बरं वाटलं, आणि टेबलाचं वाचून पुढे वाचवलं नाही.

तुम्ही विचारलं ते समजावून सांगतो. व्हीपीएन म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा एक बंद बोगदा. आमच्याकडे नियम होता की लॅपटॉपमधून जे काही निघेल ते सगळं या बोगद्यातून आधी पुण्याला यायचं, इथे तपासलं जायचं आणि मग बाहेर जायचं. अंजलीचा ग्राहक सेनगावचा असला तरी तिचा आवाज आधी पुण्याला यायचा आणि मग सेनगावला जायचा. सकाळी दहाला सगळे एकदम कामाला बसले की बोगदा तुंबायचा. ज्यांच्या घरी इंटरनेट दणकट, त्यांचं निभायचं. साखऱ्यासारख्या ठिकाणी कॉल तुटायचा.

स्प्लिट टनेलिंग म्हणजे याची विभागणी. एक यादी करायची. विम्याच्या क्लेमच्या फायली, ग्राहकांची कागदपत्रं बोगद्यातून जातील. बाकी कॉल, व्हिडिओ घरच्या इंटरनेटवरून सरळ जातील. सेटिंग दहा मिनिटांचं आहे. पण यात धोकाही असतो. एक दार उघडं राहतं, त्यातून कुणी आत शिरलं तर ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ शकते. म्हणून सुरक्षा विभागाच्या साहेबांची मंजुरी लागते. तिचा अर्ज त्यांच्याकडेच होता.

दाजी, नाव कळून काय होणार? आता सगळ्यांना ती सोय दिली आहे. सतरा मार्चपासून.

मावशीला माझा नमस्कार सांगा. तब्येतीला जपा.

तुमचा
हरीश


साखरा, २४ एप्रिल २०२५

हरीशराव,

तुमचं समजावणं मला कळलं. आमच्या गावात पूर्वी घरं आणि शेतीचे पंप एकाच फीडरवर होते. पंप सुरू झाले की घरातले बल्ब पिवळे पडायचे. मग गावठाणचा फीडर वेगळा केला आणि तक्रार संपली. तेवढंच हे काम. दहा मिनिटांचं आहे असं तुम्हीच लिहिलं आहे.

सतरा मार्च ही तारीख मी परत परत वाचली. ती अकराला गेली.

तुमचं पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्या पोरीला येक रस्ता येगळा करून द्यायचा व्हता, आन् तो दिला न्हाई. काहून दिला न्हाई?"

मी म्हणालो, मंजुरी नव्हती.

"मंजुरी देणाऱ्याला बहीण न्हाई का?" असं म्हणून त्या उठून गेल्या.

परवा मी कनेरगाव नाक्याला गेलो होतो. भावसिंगनं अंजलीची खुर्ची उलटी करून ठेवली आहे, कुणाला बसू देत नाही. तो तिला चिडवायचा म्हणे, "ताई, माझ्या ढाब्यावर लोक जेवायला येतेत, तुमी इंटरनेट खायला येऊन राहिल्या." ती म्हणायची, "भाऊ, तुमच्या भाजीपरीस तेच बरं हाय." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन ती मला फक्त एवढंच सांगायची की आज कॉल तुटला नाही.

नाव कळून काय होणार, असं तुम्ही विचारता. त्या माणसाला रोज सकाळी उठून आपल्याकडे काम नाही हे आठवावं, एवढं होईल. माझा तेवढाच इरादा आहे. तुम्ही नाव दिलं नाहीत तर मी पुण्याला येईन आणि तुमच्या ऑफिसच्या दारात उभं राहून एकेकाला विचारीन.

परमेश्वर


पुणे, ५ मे २०२५

दाजी,

पुण्याला येऊ नका. मावशीला एकटीला ठेवून येणं बराबर नाही.

सुरक्षा विभागाचे साहेब पुनमचंद. अर्ज वीस जानेवारीला त्यांच्याकडे गेला होता. सहा आठवडे त्यांच्याकडे पडून होता, हे खरं आहे. तक्रार करायची तर संचालकांच्या नावे करा, पत्ता मागे लिहिला आहे. माझं नाव कुठे घालू नका. मी इथे नोकरी करतो.

माणूस वाईट नाही, सावध आहे. मागे एका शाखेतून ग्राहकांची माहिती फुटली होती, तेव्हापासून कशावरही लवकर सही करत नाहीत. हे तुम्हाला पटणार नाही, तरी लिहिलं.

हरीश


साखरा, १२ जून २०२५

हरीशराव,

काम झालं. तुम्हाला कळलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहून कळवतो.

नऊ मेला संचालकांना रजिस्टर पत्र पाठवलं. सोबत अंजलीच्या अर्जाची प्रत, थांबा म्हणणारी मेल, पंचनामा आणि मृत्यूचा दाखला. शेवटी एकच ओळ लिहिली, की दहा मिनिटांच्या कामाला सहा आठवडे का लागले याचं उत्तर एका माणसाच्या नावासह द्या, नाहीतर मी हेच कागद वर्तमानपत्राला देतो. पंधरा दिवसांत कंपनीचे दोघे जण साखऱ्याला आले. या ओट्यावर बसले. मावशींनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला नाही. दोन तारखेला उत्तर आलं. सुरक्षा विभागाकडून अक्षम्य विलंब झाला, संबंधितांना पदावरून दूर केलं आहे.

सेनगावची शितल अंजलीबरोबर काम करायची. ती त्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी पुण्याला होती. तिनं सांगितलं, पुनमचंद दुपारी गेले. टेबलाच्या खणातलं सामान एका पिशवीत भरलं. लिफ्टपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. एक जण उठला होता, तो परत बसला.

मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? तीन महिन्यांनी त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "गेला का? बरं झालं. मेल्याला भूक लागल तवा कळल."

तुम्ही नाव दिलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

परमेश्वर


पुणे, १९ जून २०२५

दाजी,

उपकार म्हणू नका. तो शब्द मला नको.

आता हे इथे थांबवा. तुम्हाला हवं होतं ते झालं. मावशीला थोडे दिवस पुसेगावला नेऊन आणा, तिला बरं वाटेल.

पुनमचंद गेल्यावर त्यांच्या कामाचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे आला आहे. मी मागितला नव्हता. दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

हरीश


साखरा, १ जुलै २०२५

हरीशराव,

बढतीबद्दल अभिनंदन.

एक लहानशी शंका आहे. ही सोय एकदम सगळ्यांना न देता आधी थोड्या जणांना दिली होती, असं शितल म्हणाली. तिलाही त्या पहिल्या तुकडीतच मिळाली. त्या तुकडीत किती जण होते आणि साहेबांनी किती जणांची मंजुरी दिली होती, एवढे दोन आकडे कळवा. मला सगळं व्यवस्थित लावून ठेवायचं आहे. आकडे तुमच्या हातानं लिहा.

परमेश्वर


पुणे, ८ जुलै २०२५

दाजी,

पहिली तुकडी बारा जणांची होती. मंजुरीही बारा जणांचीच आली होती. अंजलीचं नाव पुनमचंदांनी दुसऱ्या तुकडीत टाकलं होतं. कंपनीच्या चौकशीतही मी हेच सांगितलं, की यादी जशी आली तशी लावली.

आता कृपा करून या गोष्टी उकरू नका. तुम्हालाच त्रास होईल.

हरीश


साखरा, १६ जुलै २०२५

हरीशराव,

मागचं पत्र लिहिलं तेव्हा माझ्यासमोर एक कागद होता. तो होता हे मी तुम्हाला कळू दिलं नाही.

शितलला चार मार्चला तुमची मेल आली होती, तुमची सोय सुरू झाली म्हणून. तिनं तेव्हा वरचं वाचलं आणि सोडून दिलं. जूनच्या शेवटी ती मावशींना भेटायला आली, तेव्हा मी सहज म्हणालो, ती मेल दाखव. तुमच्या मजकुराच्या खाली साहेबांची जुनी मेल तशीच चिकटून आली होती. तीन मार्च, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. 'खालील तेरा जणांना मंजूर. पुनमचंद.' खाली यादी. एक नंबरला अंजली, साखरा. पुढे शेरा, 'सर्वांत आधी'.

वर तुमची यादी. बारा नावं. शितल त्यात सातवी आहे आणि तिच्या घरी सेनगावात इंटरनेट चांगलं आहे.

साहेबांनी तेरा जणांची लाइन चालू करायला सांगितली आणि तुम्ही बारा चालू केल्या. मी एका माणसाला त्याच्या खुर्चीवरून उठवलं आणि त्या खुर्चीवर तुम्ही बसलात. त्यांनी सहा आठवडे लावले, ते मी माफ करत नाही. पण सही केली होती. तीन तारखेला केली होती. ती अकराला गेली. मधले आठ दिवस कुणाचे, हरीशराव?

मी आकडे तुमच्या हातानं लिहून मागितले होते. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

का केलं, एवढं लिहा. खोटं लिहिलंत तरी चालेल, मला आता ते ओळखता येतं.

परमेश्वर


पुणे, २५ जुलै २०२५

दाजी,

खरंच लिहितो.

अंजलीला ही नोकरी माझ्या शिफारशीनं लागली, तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून चहाच्या वेळी पोरं मला टोमणे मारायची. "हरीश, हिंगोलीची अख्खी सोयरीक भरणार का इथं?" "याच्या मावशीलाही एक लॅपटॉप द्या." मी हसायचो. तीन मार्चला साहेबांची यादी आली. पहिलंच नाव अंजलीचं. शेजारी बसलेला एक जण वाकून बघत म्हणाला, "वा! पहिलं नाव कुणाचं, तर बहिणीचं. चालू द्या." साहेबांनी स्वतःच तिला पहिलं ठेवलं होतं, तिचे तुटलेले कॉल सगळ्यांत जास्त होते. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी तिचं नाव काढलं आणि पुढच्या तुकडीत घातलं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं वाटलं. उलट मी किती सचोटीनं वागलो, असंही वाटलं. ते आठवलं की स्वतःची किळस येते.

त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, तुझं नाव पुढच्या वेळी घेतो, लोक बोलतात. ती म्हणाली, "असू द्या भाऊ. जानेवारीपासून जाऊन राहिले, अजून पंधरा दिवस जाईन. यांना मात्र सांगू नका, ते लई मनाला लावून घेतेत."

तिनं सांगू नका म्हटलं, या आडोशाला मी चार महिने लपलो. तुम्ही नाव मागितलंत तेव्हा माझं लिहायला हवं होतं. पुनमचंदांचं लिहिलं. चौकशीत खोटं बोललो. कार्यभार दिला तेव्हा नाही म्हणालो नाही.

तुम्ही कंपनीला सगळं कळवा. नोकरी जाऊ द्या, मी तक्रार करणार नाही. पण दाजी, पाया पडतो, मावशीला सांगू नका. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बापानं दुसरं घर केलं. मावशीनं मला पुसेगावला आणलं. मी आणि अंजली एका ताटात जेवलो आहोत. मला आता तेवढं एकच घर आहे. तिला ट्रकवाला माहीत आहे, पुनमचंद माहीत आहे, तेवढं पुरे आहे. बाकी तुम्ही मागाल ते देतो.

दहा ऑगस्टला रविवार आहे. त्या दिवशी येऊन तुमच्या पाया पडतो. मग तुम्ही काय ते ठरवा.

हरीश


साखरा, ४ ऑगस्ट २०२५

हरीशराव,

तुम्ही जे मागितलंत, तेवढंच मी दिलं नाही.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. दुपारी मावशी ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. मावशीला सांगू नका, हेही वाचलं. वाचताना मला थांबता आलं असतं. अंजलीच्या बोलण्यापाशी आलो तेव्हाही थांबलो नाही. त्यांना ते कळावं, अशी माझी इच्छा होती. तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं जे गेल्यानं तुम्हाला लागलं असतं. नोकरी तर तुम्ही स्वतःहून देऊ केलीत.

त्यांचे हात सुपातच होते. म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"तिला ठाव व्हतं?"

व्हय म्हणालो.

"आन् त्यानं लोक बोलतेल म्हणून काढलं?"

"तसंच लिहिलंय."

मग माझ्याशी नाही, सुपातल्या ज्वारीशी बोलल्यासारखं बोलल्या. "मी त्याला आणलं तवा लोक गप व्हते का? दुसऱ्याचं लेकरू काहून पोसून राहिली, सासरा म्हणे, जावा म्हणत, समदी गल्ली म्हणे. येकादशीला देवळात बसू देत न्हवत्या. लोकायचं ऐकलं असतं तर तो कुठं असता?"

सूप खाली ठेवून त्या अंजलीच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी तुमचा फोटो भिंतीवरून काढला. तुम्ही दोघं शाळेच्या गणवेशात आहात, तो. फाडला नाही. फोटोची काच पदरानं पुसली आणि तो माझ्या हातात दिला. "हे त्याचं हाय, त्याला द्या."

कंपनीलाही पत्र गेलं. माझी पहिली तक्रार चुकीच्या माणसावर संपली, एवढंच लिहिलं. सोबत शितलची मेल, तुमचं आठ जुलैचं पत्र आणि हे शेवटचं. पुनमचंदांना वेगळं लिहिलं. काय लिहावं सुचेना, चार ओळींत संपलं. त्यांनी माफ करावं असं मी म्हटलेलं नाही. मी जेवलो होतो तो दिवस मला आठवतो.

अंजलीनं मला सांगितलं नाही, हे तुमच्या पत्रातून मला कळलं. ते कुणावर काढू, हे मला कळत नाही. तुमच्यावरच काढतो आहे.

रविवारी येतो म्हणता. या. मी मावशींना विचारलं, त्याला येऊ देऊ का? त्या म्हणाल्या, "येऊ द्या. उपाशी लावू नका. पर मला त्याच्यासंगं बोलायला लावू नका."

त्या तुमच्यासाठी भाकरी थापतील. ताट वाढतील, पाण्याचा तांब्या ठेवतील आणि आत जातील. तुम्ही मावशी म्हणून हाक माराल. त्या ओ देणार नाहीत. तुम्ही परत हाक माराल.

रविवारी माझी ड्यूटी होती. मी रजा टाकली आहे.

परमेश्वर